कॉम्प्युटर म्हणजे फोन नव्हे

आमच्या अप्पांनी एकदा शब्द दिला की दिला. माझ्या धाकट्या बहिणीनं कलबुर्गीत आपल्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हा त्यांनी मारुतीच्या पारावर चार माणसांसमोर शपथ घेतली, की तिच्याशी फोनवर बोलणार नाही. रागात माणूस हाताला लागेल त्याची शपथ घेतो, आणि त्या वेळी तिचाच फोन वाजत होता. तिच्या घरी जायला शपथ आड येत नव्हती, पण ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्या दारात जायचं कसं? आणि बोलावल्याशिवाय ती येईना. बापाचीच लेक. आमच्या दुबलगुंडीहून कलबुर्गीला दिवसभर बसगाड्या असतात, पण कैक वर्षं आमच्या घरातलं कुणी त्यात चढलं नाही.

वाट काढली आईनं. जेवताना तिनं सहज विचारलं, "कॉम्प्युटर म्हंजे फोन व्हय का?"

अप्पांनी भाकरी मोडता मोडता विचार केला. "न्हाई," म्हणाले.

मग आईनं सांगितलं, की धाकटीला सातवा महिना लागलाय. अप्पांनी अर्धी भाकरी जास्त खाल्ली. खंडेनवमीला दुपारी चार वाजता कॉम्प्युटरवर बोलायचं ठरलं. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या दिवशी न्हाई झालं तर पुन्हा तयार व्हायचे न्हाईत ते." ते मलाही ठाऊक होतं.

आता आमचा कॉम्प्युटर. इकडच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं तो मोडीत काढला, तेव्हा मी उचलून आणला. त्याच्यावर मी लग्नपत्रिका करतो, मराठीत आणि कानडीत. सणाच्या सकाळीच त्यानं दगा दिला. पडदा काळा, आणि आतून लांब लांब शिट्या. हे दुखणं जुनं आहे, रॅम ढिली झाली की तो असा ओरडतो. मी वायर काढली, डब्याचं एका बाजूचं झाकण उघडलं, टोकाच्या खिट्ट्या दाबून रॅमच्या दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या, त्यांची सोनेरी कड पोरांच्या खोडरबरानं घासली आणि टक्‌ आवाज येईपर्यंत परत बसवल्या. चालू झाला. पंख्यात धूळ होती, ती नंतर काढू म्हणून वायर काढून झाकण उघडंच ठेवलं आणि झेंडू आणायला गेलो.

आमच्याकडे खंडेनवमीला घराला खायला घालणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. मी परत आलो तेव्हा विळे, कुऱ्हाड, मिक्सर, मोटरसायकल सगळ्यांना हळदीकुंकू लागलं होतं. कॉम्प्युटरलाही लागलं होतं. आत. ओल्या बोटानं, दोन्ही पट्ट्यांना, आणि उरलेलं त्यांच्या खाचांत.

"अगं आई, आत कामून लावलीस?"

"झाकणाला लावून काय हुतंय? कमाई आतलं करतंय."

माझं डोकं फिरलं होतं, पण सणाच्या दिवशी आईशी भांडून कुणाचं भलं झालेलं नाही. शिवाय तिचं म्हणणं बरोबर होतं. मी दात घासायच्या ब्रशनं कुंकू काढत बसलो. एक पट्टी एका खाचेत, मग दुसऱ्या. मग दुसरी पट्टी पहिल्या खाचेत. सगळीकडून शिट्या. अप्पा तिकडे तासभर आधीच धुतलेलं धोतर नेसून, रुमाल बांधून खुर्चीत येऊन बसले होते.

"कामून शिट्या मारायलाय त्ये?"

"पोट बिघडलंय त्याचं."

चारच्या जरा आधी तो एका पट्टीवर कसाबसा सुरू झाला. निम्म्या रॅमवर काय चालणार? माउस हलवला की पडद्यावरचा बाण बऱ्याच वेळानं हलायचा. तरी धाकटी दिसली. चेहरा भरला होता. अप्पा ताठ बसले, खाकरले, तोंड उघडलं, आणि पडदा निळा झाला. मग काळा. मग शिट्या.

मला रडू येत होतं, म्हणून मी उगाच वायरी हलवत राहिलो. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. तीच होती. मी अप्पांकडे बघितलं. ते फोनकडे बघत होते, हात मात्र मांडीवरून हलला नाही. आईनं पदर तोंडाला लावला.

"त्याच्यात ठिव," अप्पा म्हणाले.

"कशात?"

त्यांनी उघड्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. "आत ठिव. तिथून बोलू दे."

मी फोन उचलला, स्पीकरवर टाकला आणि पंख्याशेजारी, कुंकवानं लाल झालेल्या खाचांपाशी उभा करून ठेवला. अप्पा खुर्चीवरून उतरून खाली बसले आणि कॉम्प्युटरमध्ये तोंड घालून म्हणाले, "जेवलीस का, माय?"

आतून काहीच आवाज येईना. ते तसेच वाकून राहिले. मग मान वळवून मला हळूच विचारलं, "पुन्हा बंद पडलं का रे?"

"न्हाई अप्पा. रडायलीय ती."