पिशवीत मावणारा हत्ती

माझी आत्या म्हणजे नाकावर राग आणि हातात करवत. अंध मुलांच्या शाळेत ती लाकडी कोडी बनवायची; तिथली मुलंही तिला आत्याच म्हणत. पाटावर कोरलेल्या खाचा, त्यांत बसणारे तुकडे. मुलांनी चाचपून ज्याची त्याची जागा शोधायची. तेव्हा असल्या वस्तू दुकानात मिळत नसत, आणि मिळाल्या असत्या तरी आत्याने त्यांना नावंच ठेवली असती! नवं कोडं झालं की डोळ्यांवर फडकं बांधून ती आधी स्वतः जोडून बघायची. मी हसले की मूठभर भुसा माझ्या डोक्यावर.

तिचा सगळ्यात लाडका पाट प्राण्यांचा. गाय, मांजर, उंदीर, हत्ती, सगळे तळहातावर मावणारे. शाळेत जन्मापासून न दिसणारी एक चिमुरडी होती. तोंडाचा पट्टा सतत चालू, म्हणून सगळे तिला टकळीच म्हणत. सुट्टी तोंडावर आली तशी ती भर वर्गात म्हणाली, "बाई, मी भावासाठी हत्ती नेणार. खराखुरा. पिशवीत घालून!"

ज्यांची नजर मागाहून गेली होती, ती पोरं "अगं, हत्ती घराएवढा असतो!" म्हणत हसून लोळली. बाईंनाही हसू आवरेना. टकळी तरातरा आत्याकडे आली आणि पाट तिच्या पुढ्यात आपटला. "तुमचं लाकूड खोटं बोलतं."

त्या दिवसापासून पोरगी मुकी झाली. हात काखेत घट्ट, कशालाच शिवेना. ही सुट्टीला गेली की परत यायची नाही, असं बाई म्हणू लागल्या.

"अगं, मी फडकं बांधत होते," आत्या मला म्हणाली, "पण हत्ती माझ्या डोक्यात आधीच उभा होता! तिने बिचारीने कुठे पाहिलाय?" आणि तिच्या डोळ्यांत चक्क पाणी. आत्या आणि रडणार? मला तर भीतीच वाटली.

दुसऱ्याच दिवशी ती सर्कशीतल्या माहुताला गाठून सुतळीने हत्तीचं माप घेऊन आली. मग त्याच मापाचं कोडं करायला जुनी दारं, खोकी, फळ्या, दिसेल ते कापत सुटली. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. "अहो, हा ठेवायचा कुठे?"

"तुमच्या डोक्यावर!" आत्या म्हणाली. ठेवला मात्र सभागृहात, जमिनीवर, तुकडे तुकडे करून.

सुट्टीच्या आदल्या दिवशी आत्याने टकळीला तिथे नेलं. "माझं लाकूड चुकलं गं. आता तूच तपासून बघ."

आधी तिने पायाच्या अंगठ्याने एक तुकडा चाचपला. मग एक हात काखेतून सुटला. कान उचलायला मी आणि आत्या दोघी लागलो, तो दाराएवढा. जागा मात्र टकळीनेच शोधली. पायाशेजारी आडवी झाली, तर पाय तिच्याहून लांब! उठून ती शेपटीपासून चाचपत निघाली, गुडघ्यांवर सरकत, पोट संपेना म्हणून खिदळत. सोंडेच्या टोकाशी पोचल्यावर तिला धाप लागली होती.

"आत्या," ती म्हणाली, "पिशवी राहू दे. आता तोच मला घरी नेईल. आणि परतही आणेल."