सर्व्हिस बुकातली पाच कोरी वर्षं

कुंभकोणमसारख्या गावात दातांच्या डॉक्टरणीनं दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार घ्यावी, यात शहाणपण नव्हतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. गाडी जुनी, चेन्नईच्या एका गृहस्थांनी वापरलेली. पण तिचं सर्व्हिस बुक बघत राहावं असं होतं. दर वर्षाच्या पानावर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा जांभळा शिक्का, एकही पान रिकामं नाही. ते गृहस्थ म्हणाले, "निम्मी किंमत गाडीची, निम्मी या पुस्तकाची." मी ते हसण्यावारी नेलं.

पहिली दोन वर्षं मीही शिक्के मारून आणले. चेन्नईला गाडी न्यायची, दोन दिवस दवाखाना बंद ठेवायचा आणि न मागता बदललेल्या वस्तूंची लांबलचक यादी घेऊन परत यायचं. दुसऱ्या खेपेला त्यांनी ब्रेकचे पॅड बदलले. जुने दाखवा म्हटलं, तर टाकून दिले म्हणे. मी पेशंटला त्याचा उपटलेला दातसुद्धा दाखवते. माझं डोकंच फिरलं.

तेव्हापासून गाडी पट्टीश्वरम् रस्त्यावरच्या एका मेकॅनिककडे जाऊ लागली. ते वयानं माझ्याहून मोठे, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणायची. ते मला डॉक्टरम्मा म्हणायचे. त्यांच्या शेडमध्ये सगळे टेम्पो आणि थकलेल्या व्हॅन. काढलेला प्रत्येक भाग ते वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचे आणि मी बघेपर्यंत उचलायचे नाहीत. तेल मात्र कंपनी सांगेल तेच घालायचे, तिथं काटकसर नाही. खर्च चेन्नईच्या निम्म्याहून कमी. फक्त शिक्का त्यांच्याकडे नव्हता, म्हणून पुस्तकाची पानं कोरी राहत गेली.

"शिक्का नाही तर उद्या ही गाडी कोण घेईल ग? अस्क पैसे पाण्यांत!" माझा नवरा दर वर्षी म्हणायचा. आम्ही भांडतो इथल्या जुन्या मराठी घरांच्या बोलीत; 'अस्क' म्हणजे सगळे. शेजाऱ्यांना कळत नाही, एवढा तरी आमच्या भाषेचा इथं उपयोग आहे.

मग गिअरच्या दांडीखालचा बुश झिजला. बोटाच्या पेराएवढी धातूची नळी, बाकी काही नाही. कंपनीनं सांगितलं, सुटा मिळत नाही, अख्खा संच परदेशातून मागवावा लागेल, तीन महिने थांबा. अण्णांनी तो झिजलेला बुश माझ्या टेबलावर आणून ठेवला. दाताची कॅप ओतायची तर आम्ही आधी ती मेणाची करतो. मी माझ्याच मेणात, माझ्याच हत्यारांनी बुश कोरला, झीज भरून काढली आणि आम्ही दोघं तो डबीत घालून स्वामीमलैला गेलो. तिथल्या मूर्तिकारानं त्यावर माती लिंपली, भाजून मेण काढून टाकलं आणि देवीच्या मूर्तीसाठी वितळवलेल्या धातूतलाच थोडा आमच्या साच्यात ओतला. अण्णांनी लेथवर घासून तो बसवला. गिअर एका बोटानं पडायला लागला. कुठल्याही शिक्क्यानं झाला नसता एवढा आनंद मला त्या दिवशी झाला.

माझी गाडी बघून आणखी अशा गाड्या येतील, या आशेनं अण्णांनी स्वतःची व्हॅन विकून शेडमध्ये गाडी वर उचलायची लिफ्ट बसवली. एकही आली नाही. ज्याला त्याला आपल्या पुस्तकातल्या शिक्क्याची काळजी. शेवटी त्यांनी ठरवलं, यंदा असं एखादं गिऱ्हाईक लागलं नाही तर शेड बंद करून मुलीकडे तिरुप्पूरला जायचं.

त्याच वर्षी माझ्या गुडघ्यानं त्या बुटक्या सीटवरून उठायला नकार दिला आणि मी गाडी विकायला काढली. तिरुचीचे एक राइस मिलवाले बघायला येणार होते. त्यांच्याकडे अशा चार गाड्या. अण्णा म्हणाले, "डॉक्टरम्मा, गाडी कुणी सांभाळली, एवढं त्यांना सांगा. दुसरं काही नको."

मिलवाले आपला पारखी घेऊन आले. गाडी खालून बघायची म्हणून अण्णांच्याच लिफ्टवर चढवली. पारख्यानं सगळं तपासलं, गिअर टाकून पाहिला आणि म्हणाला, "गिअर नव्यासारखा आहे. कंपनीनं संच बदलला वाटतं?"

अण्णा हात पुसत माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर हसू होतं.

"हो," मी म्हणाले.

आधी ठरवलं नव्हतं. पुस्तक मिलवाल्यांच्या हातात होतं, ते कोरी पानं उलटत होते, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. मग निघालेलं सावरायला मी पुढंही बोलले: सर्व्हिस चेन्नईलाच व्हायची, पुस्तक न्यायचं तेवढं राहून गेलं. मिलवाल्यांचा विश्वास बसला. डॉक्टरवर बसतोच.

"चेन्नईच्या फेऱ्यांनी मी पण वैतागलोय," ते म्हणाले. "चार गाड्या आहेत. इथं आसपास कुणी आहे का हो, अशा गाडीला हात लावू शकेल असा?"

अण्णांचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग तुमची गाडीही हेच बघायचे का?

"नाही," मी म्हणाले. "इथं असं कुणी नाही."

अण्णांनी गाडी लिफ्टवरून सावकाश खाली घेतली. मिलवाल्यांनी त्यांना काच पुसायला सांगितली. त्यांनी ती आधी ओल्या, मग कोरड्या फडक्यानं पुसली. माझ्या मनातल्या आकड्याला सौदा झाला आणि गाडी तिरुचीच्या रस्त्याला लागली. मला इतकी लाज वाटत होती की अण्णांकडे बघवेना.

"किंमत चांगली आली ना, डॉक्टरम्मा?" त्यांनी विचारलं.

"आली," मी म्हणाले.

"मग बरं झालं," असं म्हणून ते लिफ्ट पुसायला लागले.