मानासेच्या कमरेचं माप

अनासेइनी नर्स म्हणून टोंगाच्या एका बेटावर उतरली, तेव्हा धक्क्यावर तिला घ्यायला आधी मानासेचं पोट आलं. पोट आलं, थांबलं, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि बऱ्याच वेळाने त्याच्यामागून काटकुळ्या पायांवर मानासे आला. खलाशांनी बोटीचा दोर बांधायला खुंट्याकडे न जाता त्याच्याचकडे धाव घेतली, असं गाव अजून सांगतं.

मानासे तिच्या काकांचा मुलगा, म्हणजे टोंगात सख्खा भाऊच. आणि मोठ्या झालेल्या बहीणभावांनी एकमेकांच्या अंगाविषयी अवाक्षर काढायचं नाही. हात लावणं तर दूरच. गावातल्या प्रत्येक कमरेला टेप लावणाऱ्या बाईला नेमकी हीच कमर वर्ज्य! पुरुष कर्मचारी राजधानीतून येणार येणार म्हणत होता, येत नव्हता.

इकडे मानासे घागरभर पाणी पिऊनही तहानलेला, आणि प्रार्थना संपायच्या आत झाडामागे पळणारा. अनासेइनीचा जीव खालीवर होई. पण पाद्रीबुवांनी चर्चमध्ये वजनकाटा मांडून सगळ्यांत हलक्या गड्याला बक्षीस ठेवलं, आणि पोट सोडलं तर अंगावर मांसच नसलेल्या मानासेने डबाबंद गोमांसाचं खोकं जिंकलं! रुंद नितंबांची, भरल्या मांड्यांची अनासेइनी चढली तेव्हा काटा कण्हला.

"नर्सबाई, औषध आधी तुम्हीच घ्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

तिची साखर उत्तम होती. मांड्यांवरची चरबी निमूट बसून राहते. पोटातली यकृताला वेढा घालते, मग इन्सुलिन कितीही बोंबललं तरी शरीर ऐकत नाही आणि साखर रक्तातच भटकते. घसा बसेपर्यंत तिने हे सांगितलं. लोकांनी काट्याकडे बोट दाखवलं.

शेवटी तिने मानासेच्या बायकोला, लुसेआनेला, टेप दिली आणि स्वतः अंगणात थांबली. लुसेआने हसत बाहेर आली.

"वन्सं, माप अगदी झकास! पोरसवदा कंबर आहे ह्यांची."

"टेप कुठे धरलीस?"

"लुंगी बांधतात तिथे. पोटाखाली."

"अगं बाई, मग पोट कुठे गेलं?"

"पोट कमरेत कुठं धरतात, वन्सं? शिंपीसुद्धा तिथंच मापतो."

"बेंबीवरून घे! आणि रक्त तपासायला पाठव त्याला."

लुसेआने आत गेली, परत आली. "ते म्हणतात, रक्त आजाऱ्यांचं काढतात. बक्षीस काय उगाच मिळालं? आणि ताई चहा घेणार का, विचारतायत."

चहा! अनासेइनीच्या डोक्यात तिडीक गेली. ती उंबऱ्यापाशी जाऊन ओरडली, "मानासे, तुझं हे पोट तुला खाणार आहे!"

ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या. लुसेआनेने तोंडावर हात ठेवला. मानासेने खाली मान घालून लुंगीवर मानाने गुंडाळतात ती कमरेची चटई घट्ट आवळली आणि तो मागच्या दाराने निघून गेला.

त्यानंतर नर्स दिसली की तो वाट बदलायचा. तिने लुसेआनेकरवी माफी मागितली, पाद्रीबुवांना मध्ये घातलं, निरोप धाडले. तो दवाखान्याच्या वाटेलाच गेला नाही.

पुढच्या वर्षी राजधानीच्या इस्पितळात त्याच्या डाव्या पायाची तीन बोटं कापली. साखर तिथेच पहिल्यांदा तपासली गेली.