मेंदूचं खत

लिफ्टमध्ये शिरलं की मोघे काका बटण दाबत नसत. बटणांकडे पाठ करून उभे राहत आणि काकींना विचारत, "आपला मजला किती?" काकी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहत. बाकीचे लोक ताटकळत. एकदा सातव्या मजल्यावरच्या मलाय बाई वैतागून तिथल्या इंग्रजीत म्हणाल्या, "अंकल, जस्ट प्रेस लाह!" काका गोड हसले आणि इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, हे औषध चाललंय." काकी हळूच म्हणाल्या, "नऊ." आमचा मजला अकरावा होता. काकांनी सगळ्यांसमोर च्यक् च्यक् केलं.

यिशुन उपनगरातल्या त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी दीड वर्ष भाड्याने घेतली होती. काका बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. मी शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला आलेला, घरातला कॉलेजात गेलेला पहिला. माझे वडील बाजार समितीत पोती उचलतात. काकांसारख्या माणसाला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नसे. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं त्यात याचा वाटा होता.

कारण मेंदूच्या खताची कल्पना काकांना मीच पुरवली. प्रयोगशाळेत आम्ही बशीतल्या पेशींवर एक प्रोटीन घालतो आणि काही दिवसांत त्यांना बारीक धागे फुटतात. मला त्याचं फार कौतुक. एकदा जेवताना मी फोनवर तो फोटो दाखवला.

"असली प्रोटीनं माणसाच्या मेंदूत असतात?" काकांनी विचारलं.

"असतात. चेतापेशींना जगवतात, त्यांच्या जोडण्या टिकवतात. अल्झायमरमध्ये त्यातलं एक कमी झालेलं आढळतं."

"आणि व्यायामाने वाढतं?"

"हो, तसं दिसतं, पण—"

"बस!" काका म्हणाले. "ऐकलंस ना सुनंदा? शास्त्रज्ञ सांगतोय."

माझं 'पण' वरणभाताबरोबर माझ्याच पोटात गेलं. बशी म्हणजे मेंदू नव्हे, प्रोटीन वाढलं म्हणजे आजार थांबला असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही, चालणं चांगलंच पण ते तपासणीच्या जागी नाही, हे सगळं त्या 'पण'मध्ये होतं.

दुसऱ्या दिवसापासून काकींची शाळा सुरू झाली. सकाळी इमारतीभोवती दहा फेऱ्या, मग कोडी, मग कालच्या भाजीची परीक्षा. "मेंदू म्हणजे कुंडी," काका म्हणत, "खत मी घालतोय, रोपच आळशी असेल तर काय करणार?" नाहीतर, "विसरणं हा आजार नाही, ती सवय आहे." बायको रडली की, "रडण्याने खत वाहून जातं." या वाक्यावर ते स्वतःच खूश होत. वर्षानुवर्षं इतरांचे अहवाल नापास करून या माणसाला एकच कला साधली होती. समोरच्याला नापास करायचं.

त्यांची मुलगी अनघाताई त्याच शहरात पुंगोलला राहते. तिने आईसाठी स्मृती तपासणीची तारीख मिळवली होती. काकांनी ती माझ्यासमोर फोन करून रद्द केली. मला म्हणाले, "तिला सांगायची गरज नाही. आपलं खत लागू पडतंय." आपलं! मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही किळस येते.

गणपतीत मराठी मंडळींच्या कार्यक्रमात काकांनी 'मेंदूचं खत' या विषयावर व्याख्यान ठेवलं. पडद्यावर माझा फोटो लावला. शेवटी पुरावा म्हणून काकींना उभं केलं. काकी पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी पाउणकी म्हटली, तीही खणखणीत: "बे पाऊण दीड, त्रिक पाऊण सव्वादोन, चोक पाऊण तीन..." एकही चूक नाही. तिशीतले इंजिनियर तोंडं उघडी टाकून ऐकत होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. काका झुकून त्या टाळ्या स्वतः घेत होते. काकींनी शेजारच्या बाईला विचारलं, "आज कोणाचं लग्न आहे हो?"

"आमचे घरचे शास्त्रज्ञ इथेच आहेत," काका माइकवरून म्हणाले. "ऊठ रे समाधान. सांग, यात काही खोटं आहे?"

मी उठलो. "काका, लहानपणी पाठ केलेलं बहुतेकदा उशिरा जातं. पाउणकी आली म्हणून काकी बऱ्या झाल्या असं होत नाही. तुम्ही... तुम्ही त्यांची तपासणी रद्द करायला नको होती."

"रद्द?" मागच्या रांगेतून अनघाताई उभी राहिली. "बाबा, तारीख पुढे ढकलली म्हणाला होतात ना?"

काकांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. मलाच म्हणाले, "पोती उचलणाऱ्याच्या पोराला चार पुस्तकं दाखवली की असं होतं. रविवारपर्यंत खोली रिकामी कर."

मी शनिवारीच केली.

ते घाबरले होते, म्हणून असं वागले, असं अनघाताई म्हणते. असेल. मी ती भीती शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला. मला फक्त त्या टाळ्या झेलणारी मान आठवते.

तपासणी झाली. अल्झायमरच निघाला. उपचार सुरू झाले. थोडं आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. महिन्याभराने मी राहिलेली पुस्तकं न्यायला गेलो, तर काका इमारतीखाली शेजाऱ्याला सांगत होते, "सगळ्यात आधी ओळखलं कोणी? मीच!" बाकावर काकी एकट्या बसल्या होत्या. मी त्यांना हात दिला आणि आम्ही लिफ्टकडे निघालो. काका मागून आले, आत शिरले आणि बटणांकडे पाठ करून उभे राहिले.

"किती?"

काकींनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायला घेतला. मी काकांच्या खांद्यावरून हात घातला आणि अकरा दाबलं.

"उत्तर फोडलंस," काका म्हणाले. "आता खत कसं तयार होणार?"

मी त्यांच्याकडे वळलोही नाही. "काकी," मी विचारलं, "जेवलात का?"