दोन सोमा

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार धाकलूकाकांचे. वडिलांच्या या धाकट्या भावाने तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन मला जोयड्याच्या वसतिगृहात पोचवलं, म्हणून आमच्या घरात पहिला पदवीधर झाला. ते गेल्याची बातमी जीपवाल्याने दिली, तेव्हा मी त्यांनाच भेटायला निघालो होतो... सहा आठवडे झाले त्याला.

काकांना एकच गोष्ट आयुष्यभर सलत होती. रान जाळून डोंगरावर करायची कुमरी शेती इंग्रजांनी बंद केली, तेव्हा गावातल्या एका सोमाने साहेबाला लपवलेल्या कुमऱ्या दाखवल्या आणि रखवालदारी मिळवली. दुसऱ्या सोमाने कुमरी सोडली नाही, तो तुरुंगात गेला. आमच्यात पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात. दोघा भावांनी आपापल्या पहिल्या मुलाला तेच ठेवलं आणि एकाच वेळी दोन सोमा झाले. त्यातला एक काकांचा पणजोबा. पण कोणता? देवळाच्या पंगतीत कुणीतरी म्हणायचंच, "धाकल्या, मागं सरक की! साहेबाच्या माणसाचं घर तुमचं." काका हसत मागच्या रांगेत जायचे.

इतिहासाची पदवी घेऊन आल्यावर मी म्हटलं, शोधूनच काढू. अंगणात बसून काका सुरू झाले, "माझी आजी सांगायची, आपल्या सोमाचा हात..." मी अडवलं. "काका, ऐकीव चालत न्हाई. कागद पायजे."

"व्हय व्हय, मास्तर! आण मग कागद. तवर मी गप बसतो."

ते खरंच गप बसले. आणि मी पुन्हा विचारलं नाही, याचा स्वतःवरचा राग अजून जात नाही.

पुढे वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. "जुन्या सुप्याच्या कचेरीचे कागद?" एक कारकून हसला, "ते गावच धरणाखाली गेलं. बुडी मारा, सर." सापडलेल्या याद्यांत नुसतं सोमा, बापाचं नाव नाही. यंदा कारवारला तुरुंगाच्या नोंदीची प्रत हाती आली. सोमा, डावा हात थोटा.

काका काय सांगणार होते? हात थोटा होता, की साहेबापुढे पसरलेला होता? आजीची गोष्ट ऐकलेलं आता कुणी उरलेलं नाही. परवाच्या पंगतीत मी मागच्याच रांगेत बसलो.

गावात फोन लागत नाही, म्हणून कारवारहूनच त्यांना पत्र टाकलं होतं. आमचं टपाल नाक्यावरच्या दुकानात येतं. ते पोचलं काका गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. दुकानदाराने ते न फोडताच माझ्या हातात दिलं.

"ती. काकांस साष्टांग नमस्कार. कागद मिळाला. तुरुंगात गेलेल्या सोमाचा डावा हात थोटा होता. त्या दिवशी तुम्ही हाताचंच सांगत होता, मी मधेच तोडलं. रविवारी येतोय. आता तुम्ही बोला, मी गप बसतो."