सू-छिनताईंच्या टेस्ट दुपारीच का नापास व्हायच्या

सू-छिनताईंच्या तोंडी लागू नये, ही आमच्या ऑफिसात नव्या माणसाला मिळणारी पहिली शिकवण. दुसरी, जेवणानंतर साडेबाराला ऑफिसचे दिवे मालवले की टेबलावर उशी टाकून निमूट झोपावं. तेरा वर्षांत मी पहिली कधी पाळली नाही आणि दुसरी कधी मोडली नाही.

आम्ही दवाखान्यात थेंबथेंब औषध सोडणारे पंप बनवतो. आमच्या शिन्चू शहरात सगळा रुबाब कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्यांचा, आम्हाला लग्नाच्या बाजारातसुद्धा कुणी विचारत नाही. ताईंचं काम टेस्टचं, म्हणजे पंपाचा प्रोग्रॅम नीट चालतो का ते तपासणारे प्रोग्रॅम लिहायचं. वय चौपन्न, चष्मा कायम डोक्यावर, डब्यात कायम वाळवलेल्या मुळ्याचं ऑम्लेट. त्या वासाने अख्खा मजला हैराण, पण बोलायची कुणाची टाप नाही.

तर ताईंच्या टेस्टना एक रोग होता. विशेषतः अलार्मच्या टेस्टला. नळी तुंबली की पंपाने बोंब मारली पाहिजे, एवढंच ती तपासायची. एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला स्वतंत्र गडीच म्हणा, नळी तुंबवायचा, दुसऱ्याने अलार्म वाजवायचा, आणि टेस्ट अर्धा सेकंद डोळे मिटून बसून मग बघायची. वाजला असेल तर हिरवं, नाहीतर लाल. सकाळ-संध्याकाळ बहुतेक हिरवं आणि दुपारी हमखास लाल. टेस्ट ज्या यंत्रावर चालायच्या तो सर्व्हर शहाण्यासारखा वागावा म्हणून आम्ही इथल्या रीतीप्रमाणे त्याच्या डोक्यावर हिरव्या पाकिटातला खाऊ ठेवला, तारीख उलटल्यावर नवा ठेवला. ढिम्म फरक नाही. शेवटी आमच्या मॅनेजरने, फानसाहेबांनी, कायदा काढला, लाल आलं की परत चालवा, तिनात एकदा हिरवं आलं तर हिरवंच धरा. हा कायदा मी फार मनापासून पाळला.

नवा पंप शुक्रवारी पहिल्यांदा दवाखान्यांत जायचा होता. सोमवारी फानसाहेब ताईंच्या टेबलापाशी आले.

"ताई, तुमची ही टेस्ट शुक्रवारपर्यंत सुधारा, नाहीतर यादीतून काढून टाकतो."

"टाका की! अलार्म खरा आहे की नुसता शोभेचा, ते मग नर्सबाई बघतील."

"चिडू नका हो. अर्ध्या सेकंदाचे पाच करा, झालं."

"बाकीच्या टेस्टमध्ये अकरा वर्षं तेच करत आलेय मी. म्हणून तर सगळ्या टेस्ट संपायला तीन तास लागतात!"

बोलून गेल्या आणि कानापर्यंत लाल झाल्या. कारण टेस्टमधल्या त्या सगळ्या डुलक्या त्यांनीच लिहिलेल्या. आणि ही टेस्ट गेली असती, तर अलार्म तपासणारं दुसरं काहीच नव्हतं.

त्या दुपारी दिवे मालवले तरी ताई झोपल्या नाहीत. मलाही झोपू दिलं नाही.

"ऊठ रे आ-छेंग, डुकरासारखा घोरतोयस. हे बघ."

बघतो तर काय, ठीक साडेबाराला सर्व्हरवर व्हायरस शोधायचं काम सुरू झालेलं. कॉम्प्युटर विभागाने ही वेळ मुद्दाम निवडलेली, कारण तेव्हा कुणी काम करत नाही.

"माणसं घोरतात म्हणून यंत्राला नेमकं तेव्हाच जुंपलंय मेल्यांनी!" ताई म्हणाल्या. "बिचाऱ्या अलार्मच्या थ्रेडला अर्ध्या सेकंदात पाळीच मिळत नाही."

"मग करा ना पाच सेकंद."

"आणि उद्या सहा लागले तर? कचरागाडीला तू कसा थांबतोस?"

"गाणं ऐकू आलं की पिशवी घेऊन खाली पळतो."

"गाडी शेजारच्या गल्लीत असली तर?"

"गाडी दिसत नाही म्हटल्यावर परत थांबतो."

"आणि तासभर आलीच नाही तर?"

"नगरपालिकेला फोन करून शिव्या घालतो."

"तुझ्यासारख्या गाढवाला एवढं कळतं, मग माझ्या टेस्टला का कळू नये?"

दोन दिवस त्यांनी मान वर केली नाही. आता एकही टेस्ट डोळे मिटून बसत नव्हती. अलार्मचीच घ्या, अलार्मने हाक मारली की जागी व्हायची, खरंच वाजला का ते बघायची, वाजला नसेल तर उरलेला वेळ परत थांबायची. एकूण मुदत दहा सेकंद. तेही नेहमीच्या घड्याळावर मोजायचे नाहीत, कारण ते घड्याळ नेटवरून दुरुस्त होताना कधीकधी मागे जातं. यंत्राचं आणखी एक घड्याळ असतं, ते फक्त पुढेच जातं. त्याच्यावर मोजायचे.

बुधवारी तीन तासांचं काम अकरा मिनिटांत उरकलं, ऐन झोपेच्या वेळीसुद्धा सगळं हिरवं. फानसाहेबांनी मजल्याला साबुदाण्याच्या गोळ्यांचा चहा पाजला. ताईंनी साखर कमी सांगून दोन पेले ढोसले.

आणि गुरुवारी सकाळी या बाईने अलार्मची टेस्ट दोन हजार वेळा चालवली. तीनदा लाल.

"दोन हजारात तीन?" फानसाहेब हसले. "परत चालवा, येईल हिरवं."

"दहा सेकंद थांबलेय मी, साहेब. सर्व्हर मोकळा होता. अलार्म उशिरा वाजला नाही. वाजलाच नाही."

दुखणं पंपाच्या प्रोग्रॅममध्ये होतं. अलार्मचा थ्रेड विचारायचा, नळी तुंबलीय का? उत्तर यायचं, नाही. मग तो आडवा व्हायचा. पण विचारणं आणि आडवं होणं यांच्यामधल्या क्षणात नळी तुंबली, तर तुंबल्याची हाक ऐकायला कुणीच नसायचं, आणि थ्रेड झोपायचा तो कायमचा. फानसाहेबांनी दवाखान्यांना फोन लावले. शुक्रवारी पंप गेले नाहीत.

मग चौकशीचा कागद भरायचा होता. लाल आल्यावर टेस्ट कितीदा परत चालवली, कुणी चालवली? नोंदी एकसष्ट. ताईंनी रकान्यात लिहिलं होतं: सर्व वेळा, लो सू-छिन.

"ताई, यातल्या बेचाळीस माझ्या आहेत."

"माहितीय. मला सहा वर्षांनी घरी बसायचंय. तुझी पोरगी आत्ता बालवाडीत जायला लागलीय. गप बस."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कागद ओढून मी खाली माझं नाव लिहिलं. ताईंनी ते वाचलं, डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दुसरी खुर्ची पायाने पुढे ढकलली.

"अक्षर घाणेरडं आहे तुझं. बस इथे. आता त्या बेचाळीसमधल्या खऱ्या किती होत्या, ते काढू."

एकेका नोंदीची वेळ लावत बसलो. दुपारच्या सगळ्या बाजूला काढल्या, त्यांच्याबद्दल आता कधीच काही सांगता येणार नव्हतं. सकाळ-संध्याकाळच्या, यंत्र मोकळं असतानाच्या, नऊ उरल्या. नऊ वेळा नळी तुंबली होती, अलार्म वाजला नव्हता, आणि मी जांभई देत परत चालवायचं बटण दाबलं होतं.