बोडकी कड

मासे आपल्याच हातून मेले, अशी नलूची पक्की खात्री झाली होती, आणि आठ दिवस ती हे पोटात घेऊन घरात वावरत होती.

मासे म्हणजे खायचे नव्हेत. तसले समुद्रकाठच्या दांडीची येसूबाई कोळीण रोज टोपलीतून दारात आणायची. हे तिच्या नवऱ्याचे, दिनानाथचे होते, इवलेसे निळे मासे. बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करणारा हा गृहस्थ. लोक टीव्ही घेतात, फ्रीज घेतात. यानं त्र्याण्णव साली काय घेतलं, तर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी! स्कूटरला कॅन बांधून दांडीहून समुद्राचं पाणी आणायचा. मुंबईच्या दुकानातून चार मासे आणले आणि दगडाला चिकटलेली तीन मशरूम. मशरूम म्हणजे अळंबी नव्हे हो, प्रवाळांच्या नात्यातली समुद्री जिवांची जात. बशीएवढी, तपकिरी, अंगावर पुरळ उठल्यासारखी.

"तिन्ही एकाच जातीची," दिनानाथनं सांगून टाकलं.

"तिसरं जरा निराळं दिसतंय," नलू म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

झालं, विषय संपला. नलू उमरोळीची, बागायतदाराची लेक. पावसाळ्यात अळंबी खुडताना प्रत्येकीची कड बघूनच टोपलीत टाकायची तिची सवय.

एके दिवशी काच मळलेली दिसली म्हणून तिनं साबणाच्या फडक्यानं पुसली आणि फेसाचे चार थेंब आत पडले. तिसऱ्या दिवशी एक मासा गायब! मग दुसरा, मग तिसरा. दिनानाथ पाणी तपासून तपासून वेडा व्हायचा बाकी राहिला. "पाण्यातच काहीतरी गेलंय," तो म्हणाला आणि नलूला फेसाचे ते चार थेंब आठवले. सांगायचं कोणत्या तोंडानं? तिला घास जाईना.

आणि आज शेवटचाही दिसेना. दुपारी येसूबाईनं टोपली उतरवली, तर दारात नलू डोळ्याला पदर लावून उभी.

"काय गो बाय, काय झाला?"

नलूनं सगळं ओकून टाकलं. येसूबाई टाकीसमोर फतकल मारून बसली.

"मेला तर मडं कुठं हाय? मेलेला मासा वर येल का नाय?"

नलू रडायची थांबली. हे कसं सुचलं नाही आपल्याला? एकही मासा मेलेला असा कुणी पाहिलाच नव्हता! तिनं पुन्हा नीट पाहिलं. दोन मशरूम बशीसारखी पसरलेली, तिसरं मात्र मिटून गोल झालेलं.

"मावशी, या दोघांना पार कडेपर्यंत पुरळ आहे. त्या मिटलेल्याची कड बोडकी होती. आत पुरळ, बाहेर नुसती गुळगुळीत पट्टी. मी म्हटलंही होतं यांना!"

"आमच्या दर्याच्या खडकातली फुलं पन अशीच मिटतात, आत काय गावला की," येसूबाई म्हणाली. "घाल हात!"

नलूनं आजवर त्या पाण्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तिनं कोपरापर्यंत हात घातला. नाडी ओढलेल्या बटव्यासारखं ते तोंड घट्ट होतं, बुळबुळीत, घाण वाटेल असं. तिनं दोन बोटं खुपसून ते हळूच फाकवलं. आतून निळा ठिपका सुटला, एकदा तिरपा झाला आणि सरळ दगडामागं पळाला.

"जिवंत हाय गो!" येसूबाई ओरडली. नलूनं ओला हात पदराला पुसला. छातीवरचा धोंडा उतरला होता. तिला हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं.

पहिली पाळी करून साडेतीनला दिनानाथ जेवायला घरी आला. नलूनं त्याला चपला काढू न देताच सारं सांगितलं, साबणासकट.

"अगं, चार थेंबांनी काय होतंय? आठ दिवस एकटी कुढत बसलीस! मला विचारायचं तरी."

"तुम्ही ओरडला असतात."

दिनानाथ टाकीपाशी जाऊन वाकला. मासा दगडाआडून डोकावत होता.

"ओरडलोच असतो," तो म्हणाला. "आणि खाणारं मीच घरात आणलं होतं. चुकलं माझं."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. हे शब्द त्याच्या तोंडून नलू पहिल्यांदा ऐकत होती.

"बसा, वाढते," ती म्हणाली, आणि स्वतःचंही ताट घेतलं.